कालपर्यंत चालत होते

नवे यंत्र विकत आणले आणि ते चाललेच नाही, तर मनुष्य दुकानदारास बोल लावतो. जुने यंत्र झिजून बंद पडले, तर तो काळास बोल लावून गप्प बसतो. परंतु जे यंत्र कालपर्यंत बिनतक्रार चालत होते, ज्याच्या एकाही खिळ्यास कोणी हात लावला नाही, ते केवळ ‘सुधारणा’ झाल्यामुळे आज बिघडले, तर बोल कोणास लावावा? ह्या तिसऱ्या प्रकाराविषयी चार शब्द लिहावे, असे पुष्कळ दिवस मनात आहे. संगणकाच्या धंद्यातील लोक ह्यास ‘रिग्रेशन’ म्हणतात. आपल्या भाषेत ‘परागती’ हा शब्द आयताच आहे. प्रगतीच्या नावाने उचललेले पाऊल मागे पडले की ती परागती.

आमचा पुतण्या पुण्यास संगणकाच्या ‘कर्नल’चे काम करतो. हा शब्द प्रथम घरात आला तेव्हा आमच्या मातोश्रींनी “कोणत्या पलटणीचा?” म्हणून चौकशी केली; आणि त्या कर्नलचा ‘ड्रायव्हर’ बिघडला आहे हे ऐकल्यावर, “मग दुसरा ठेवा की, ह्याच्यावाचून अडले आहे काय?” असा सरळ सल्ला दिला. वाचकांपैकी कित्येकांची समजूत ह्याहून फार निराळी नसेल, म्हणून आधी शब्दांचा उलगडा करणे बरे. कर्नल म्हणजे गाभा. संगणकावर चालणारे नाना कार्यक्रम एका बाजूस आणि प्रत्यक्ष यंत्रसामग्री दुसऱ्या बाजूस, ह्यांच्या मध्ये बसलेला तो कारभारी होय. कोणत्याही कार्यक्रमास डिस्कवरील मजकूर हवा असेल, तर त्यास स्वतः डिस्कला हात लावण्याची मुभा नाही. कारभाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. आता डिस्का अनेक घराण्यांच्या, आणि प्रत्येकीची बोली निराळी. म्हणून कारभाऱ्याने प्रत्येकीसाठी एकेक दुभाषी पदरी ठेवला आहे. हा दुभाषी म्हणजेच ड्रायव्हर.

अशा गाभ्यांपैकी ‘लिनक्स’ नावाचा एक गाभा १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्झ नामक विद्यार्थ्याने आरंभिला, आणि आज जगभरचे हजारो लोक तो मिळून वाढवीत आहेत. हिंगोलीसारख्या आडबाजूच्या जिल्ह्यात बसून ह्याचा आम्हांस काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, ज्या फोनांत अँड्रॉइड आहे त्या सर्वांच्या पोटात हाच गाभा आहे. म्हणजे आमच्या आळीत ज्या घरी वर्तमानपत्र येत नाही त्या घरीही तो पोचला आहे. शिवाय गुरुत्वीय तरंग टिपण्याची जी ‘लायगो’ वेधशाळा आमच्याच जिल्ह्यात औंढ्याजवळ व्हावयाची आहे, आणि जिच्यासाठी एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांस मंजुरी दिली, तिच्या अमेरिकेतील वडील बहिणींचा कारभारही लिनक्सवरच चालतो. तेव्हा नागनाथाच्या शेजारी हा पाहुणा कायमचा राहावयास येणार, हे ठरलेलेच आहे.

ह्या मंडळींचा एक नियम आम्हांस फार आवडला. टॉरवाल्ड्झ ह्यांनी तो वारंवार व पुष्कळदा कठोर शब्दांत बजाविला आहे. सुधारणेमुळे एखाद्याचे चालू असलेले काम बंद पडले, तर दोष सुधारणेचा, काम करणाऱ्याचा नव्हे. मग ती सुधारणा शास्त्रदृष्ट्या कितीही शुद्ध असो. ती दुरुस्त करा, नाही तर मागे घ्या. आमच्याकडील कोणाही शेतकऱ्यास हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. ह्यालाच तो ‘वहिवाट’ म्हणतो. ज्या बांधावरून वीस वर्षे बैलगाडी गेली, तो बांध नव्या मालकाने नकाशा दाखवून अडविला, तरी वहिवाट मोडता येत नाही. नकाशा खरा असेल. पण गाडीही खरी आहे.

असो. नियम करणे सोपे. परागती नेमकी कोणत्या फेरफाराने झाली हे शोधणे मात्र महाकठीण. ते किती कठीण, ह्याचे २०१८ सालचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे.

त्या वर्षी २२ ऑक्टोबरला लिनक्सची ४.१९ ही आवृत्ती निघाली. नोव्हेंबरात ठिकठिकाणचे लोक तक्रार करू लागले की, डिस्कवरील मजकूर भ्रष्ट होत आहे. ४.१८ वर असेपर्यंत त्यांचे सुरळीत होते, ४.१९ घेतली आणि काही तासांत, काहींच्या बाबतीत काही दिवसांत, ‘एक्स्ट-४’ ही दप्तरव्यवस्था ओरडू लागली की, मला जे पान वाचून दिले ते निव्वळ कचरा आहे. डिस्कवर कोणती वस्तू कोठे ठेविली आहे ह्याची खतावणी राखणे हे ह्या व्यवस्थेचे काम. साहजिकच सर्वांनी प्रथम तिलाच धरले. जो “चोर, चोर” म्हणून ओरडला त्यालाच शिपायाने पकडून न्यावे, त्यातला हा प्रकार. त्या व्यवस्थेचे प्रमुख थिओडोर त्सो ह्यांचे म्हणणे असे की, ह्या दोन आवृत्तींच्या मधल्या काळात आमच्या भागात असे घातक फेरफार झालेलेच नाहीत, तेव्हा शोध अन्यत्र घ्यावा. पण अन्यत्र म्हणजे कोठे? दोन आवृत्तींच्या दरम्यान सुमारे १४,००० फेरफार झालेले! आणि तक्रारी करणारे सगळेच एका रोगाचे रोगी होते असेही नाही. कोणाची डिस्कच मुळात मरणपंथास लागलेली असावयाची आणि तोही त्याच रांगेत उभा. गावात साथ आली म्हणजे जुना दमेकरीही आपला खोकला साथीच्या खाती घालतो.

अशा रोगाचे निदान करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत नाडी पाहण्याची. चालता कारभारी मध्येच थांबवावयाचा, दुसऱ्या संगणकावरून तारेने त्याच्या अंतरंगात डोकावावयाचे, कोणत्या ओळीवर तो उभा आहे व हातात काय आहे ते पाहावयाचे. ह्या कामाचे ‘केजीडीबी’ नावाचे जे साधन आहे, त्याच्या वाढीत पुण्याचे अमित काळे ह्यांचा मोठा वाटा आहे, हे सांगण्यास आम्हांस अभिमान वाटतो. गाभ्याच्या त्या भागाच्या मथळ्यावर २००३–२००४ ह्या सालांसह त्यांचे नाव नोंदलेले आहे. गंमत अशी की, टॉरवाल्ड्झ ह्यांस हे साधन गाभ्यात घेणे बरीच वर्षे मान्य नव्हते. नाडी पाहण्याचे यंत्र हाती आले की वैद्य विचार करीनासा होतो, ग्रंथ नीट वाचीनासा होतो, असा त्यांच्या २००० सालच्या म्हणण्याचा मथितार्थ. शेवटी जुलै २००८ मध्ये, २.६.२६ ह्या आवृत्तीत, ते गाभ्यात आले. आमच्या मते दोन्ही पक्ष खरे आहेत. परंतु मास्तरकीत जन्म गेल्यामुळे, कुंजी हाती न देता मूळ पाठ वाचावयास लावणाऱ्याकडे आमचा थोडा ओढा आहे, हे लपवून काय उपयोग?

मात्र डिस्कच्या दुखण्यात ही पहिली रीत पुष्कळदा पांगळी पडते. कित्येक बिघाड वेळेच्या चुकामुकीतून होतात: अमुक काम अमुक क्षणी झाले आणि त्याच क्षणी डिस्क गुंतलेली होती, तरच ते प्रकट होतात. कारभाऱ्यास थांबवून तुम्ही पाहू लागलात की ती चुकामूकच नाहीशी होते. दिवा लावून झोप कशी लागते हे पाहावयास जावे, त्यासारखे ते आहे.

म्हणून दुसरी रीत. हिला ‘बायसेक्ट’ म्हणतात. आम्ही ‘दुभागणी’ म्हणू. काल चांगले होते, आज वाईट आहे. मध्ये १४,००० पायऱ्या. बरोबर मधली पायरी घ्या, त्या दिवशीचा गाभा जसाच्या तसा पुन्हा उभा करा, आणि बिघाड होतो का ते पाहा. होत असेल तर अपराधी खालच्या अर्ध्यात, नसेल तर वरच्या अर्ध्यात. पुन्हा त्याचे दोन भाग. अशा १४ परीक्षांत चौदा हजारांतला एक हाती लागतो. निम्मे करीत जाण्याचे हे सामर्थ्य आमच्या पिंगलाचार्यांस छंदांच्या गणिताच्या निमित्ताने पुरते ठाऊक होते. पण तो विषय निराळा. हे साधते त्याचे कारण असे की, २००५ च्या एप्रिलपासून प्रत्येक फेरफार कोणी, केव्हा व कशासाठी केला ह्याची नोंद ‘गिट’ नावाच्या बाडात अखंड ठेविलेली आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, १९२५ पासून डॉ. सुखठणकरांनी त्यास शास्त्रशुद्ध वळण दिले, आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. कोणत्या लेखकाच्या हातून अपपाठ शिरला आणि पुढच्या कोणकोणत्या प्रतींत तो वंशपरंपरेने उतरला, हाच तेथेही प्रश्न होता. परंतु त्या पंडितांस मधल्या कित्येक पिढ्यांच्या प्रती कसरीने खाल्ल्यामुळे अनुमानावर चालावे लागले. ह्या नव्या पंडितांपाशी एकूण एक प्रत शाबूत आहे.

तर मग अडचण कोठे आहे? अडचण ‘चांगले’ ह्या एका शब्दात आहे.

गाभा ‘वाईट’ आहे हे एका पुराव्याने सिद्ध होते. मजकूर एकदा भ्रष्ट झाला की काम झाले. पण तो ‘चांगला’ आहे हे कसे ठरवावे? तासभर चालविला, काही बिघडले नाही, म्हणून चांगला? संस्कृत दर्शनांत ह्या प्रश्नाचा फार सूक्ष्म विचार झालेला आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात; नैयायिक मानीत नाहीत. पण ती अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे, ह्याविषयी त्यांच्यात वाद नाही. जमिनीवर घट दिसत नाही, सबब घट नाही, हे म्हणण्याचा अधिकार केव्हा? घट असता तर तो खात्रीने दिसला असता, अशी परिस्थिती असेल तेव्हा. अंधाऱ्या कोठीत हात न घालता “घट नाही” म्हणणाऱ्याची अनुपलब्धी अयोग्य होय. एका परीक्षेत असे खोटे ‘चांगले’ सांगितले गेले, की दुभागणी चुकीच्या अर्ध्यात शिरते, आणि पुढची सगळी उत्तरे खरी असूनही फुकट जातात.

ह्या योग्यानुपलब्धीपायी आमच्या घरी एक वर्ष महालक्ष्म्यांत विघ्न आले होते. पुतण्याच्या हाती एका डिस्कच्या ड्रायव्हरची परागती होती. कंपनीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. बिघाड सरासरीने बारा तासांतून एकदा व्हावयाचा. वरिष्ठ म्हणत की, बारा तास वाट पाहा, नाही झाला तर ‘चांगले’ म्हणून पुढे चला. हा म्हणे की, बारा तासांत सरासरीने एकदा होणारी गोष्ट नेमक्या त्या बारा तासांत न होण्याचा संभव शंभरांत ३७ आहे. छत्तीस तास थांबलो तर तो शंभरांत ५ वर येतो. चौदा परीक्षा छत्तीस तासांनी गुणल्या तर तीन आठवडे होतात. ‘वाईट’ लौकर कळत असल्यामुळे थोडे दिवस वाचतात, तरी पंधरवड्याची निश्चिती. त्या पंधरवड्यात महालक्ष्म्या आल्या. घरात सोळा भाज्यांची तयारी झालेली, आणि थोरला नातू येत नाही! वहिनींनी फोनवर विचारले, “अरे, यंत्र आपोआप चालते ना? मग तू तिथे बसून काय करणार?” तो म्हणाला, “आई, ते बिघडत नाही ना हे बघत बसायचं आहे.” ह्या उत्तराने त्यांचे समाधान होण्याऐवजी संताप झाला, आणि आम्ही त्यांस दोष देणार नाही. आमचे बंधूही म्हणाले, “दादा, तुम्हीच सांगा त्याला. तुमचं तो ऐकतो.”

आम्ही त्यास सांगितले नाही. उलट वहिनींस म्हटले की, पोराने एक दिवस आधी ‘चांगले’ म्हणून लिहून दिले असते आणि घरी जेवावयास आला असता, तर कोणास कळलेही नसते. तो येत नाही ह्यातच त्याचे शिक्षण दिसते. त्या म्हणाल्या, “तुमचं बरं आहे, भावजी, पुरण आम्ही वाटलंय.” ह्यावर आमच्यापाशी शास्त्राधार नव्हता. दहाव्या परीक्षेत, एकोणतिसाव्या तासास, बिघाड झाला. बारा तासांचा नियम पाळला असता तर तेथे ‘चांगले’ पडले असते.

पुतण्याने पुढे आणखी एक युक्ती सांगितली: नुसते वाट पाहत न बसता डिस्कवर मुद्दाम कामाचा भडिमार करावा, म्हणजे ती वारंवार गुंतते आणि बारा तासांचा बिघाड अर्ध्या तासावर येतो. कोठीत दिवा नेण्याचाच हा मार्ग होय. पण कोणत्या प्रकारचा भडिमार करावा हे कळण्यास रोगाचा थोडा सुगावा आधी लागावा लागतो.

२०१८ च्या प्रकरणातही शेवटी ज्यांची यंत्रे बिघडत होती त्यांपैकीच एकाने दुभागणी करून अपराधी फेरफार गाठला. तो दप्तरव्यवस्थेत नव्हता, कोणा एका ड्रायव्हरातही नव्हता; डिस्ककडे जाणारे अर्ज जेथे रांगेत लागतात तेथे होता. हेतू चांगला होता, वेग वाढविण्याचा. नेमके काय झाले हे सांगण्यास आमच्या हिंगोलीच्या हळदीच्या मोंढ्यासारखे दुसरे ठिकाण नाही. कल्पना करा की, आडत्याने माल ओळीत न लावता थेट पाठवावयाचे ठरविले. मापाड्याने ५ कट्टे मोजून पावती फाडली. इतक्यात कळले की गाडी मोकळी नाही; कट्टे परत ओळीत आले. तेथे कारकुनाने पाहिले की शेजारचे ३ कट्टे त्याच गोदामात जावयाचे आहेत. त्याने ते त्याच मालात जोडून वहीत ८ मांडले. पावती मात्र पाचांचीच राहिली. पुढे गाडी आली, हमालांनी पावतीबरहुकूम ५ कट्टे भरले, आणि वही म्हणते आठ पोचले. येथे कोणी चोरी केली नाही, कोणी आळसही केला नाही. मापाडी, कारकून, हमाल आपापल्या जागी चोख. तसेच तेथे झाले. अर्ज थेट ड्रायव्हरकडे गेला, त्याने त्या अर्जापुरती यादी तयार केली, डिस्क गुंतलेली म्हणून अर्ज परत आला, रांगेत त्यास शेजारचा अर्ज जोडला गेला, आणि पुढे जुन्या यादीप्रमाणे मूळ भागच वाचला गेला. उरलेल्या जागी पूर्वीचे जे काही पडले होते तेच मजकूर म्हणून पुढे गेले. ज्या वेळी डिस्क गुंतलेली असेल आणि त्याच वेळी शेजारचा अर्ज येईल, त्याच वेळी हे घडावयाचे. म्हणूनच कोणास दोन तासांत, कोणास दहा दिवसांत.

ह्या विभागाचे प्रमुख येन्स अ‍ॅक्सबो ह्यांनी डिसेंबरच्या आरंभी उपाय लिहिला. तो वाचून आम्हांस हसू आले, इतका तो लहान होता: परत आलेल्या अर्जावर ‘ह्यास काही जोडू नये’ अशी खूण करावी. पाठोपाठ, असे अर्ज सामान्य ओळीत न घालता वेगळ्या यादीत ठेवावे, अशीही तजवीज झाली. ८ डिसेंबरला ४.१९.८ निघाली आणि ते भ्रष्ट होणे थांबले. आरंभापासून ४७ दिवस. त्यांतले लिहिण्याचे किती आणि शोधण्याचे किती, ह्याचा हिशेब वाचकांनीच करावा.

एक गोष्ट मात्र ह्या उपायाने झाली नाही, व होणारही नव्हती. ज्यांचा मजकूर त्या सत्तेचाळीस दिवसांत भ्रष्ट झाला, त्यांस तो ४.१९.८ ने परत मिळाला नाही. पुढची गळती थांबते. सांडलेले भरून येत नाही. ज्यांनी दुसरी प्रत दुसरीकडे ठेविली होती तेच निभावले. आमच्याकडे वडिलांच्या हातच्या काही पोथ्या आहेत. त्यांची छायाचित्रे पुतण्याने मागल्या दिवाळीत काढून घरच्या संगणकावर ठेविली. आम्ही समाधानाने पोथ्या पुन्हा बासनात बांधू लागलो, तर तो म्हणाला, “काका, एवढ्यावर भागत नाही.” त्याने आणखी दोन प्रती केल्या, निरनिराळ्या घराण्यांच्या डिस्कांवर. एक तो पुण्यास घेऊन गेला. दुसरी वहिनींनी आपल्या हाताने फडक्यात गुंडाळून, वसमतला दिलेल्या आमच्या पुतणीकडे लोणच्याच्या बरणीबरोबर पाठविली.